पाण्यावरच्या उंदरी

६ ऑक्टोबर
नोकरी पक्की झाली. जगन्नाथसरांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी अंबडच्या स्टँडवर उतरलेसुद्धा! प्रयोगशाळा गावाबाहेर आहे. चहूकडे कपाशी आणि मोसंबी, मधे पत्र्याची लांब इमारत, मागे माझी खोली. स्तनाच्या कर्करोगावरचं नवं औषध इथे पांढऱ्या उंदरींवर तपासतात. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्हींत फरक पडला तरच औषध खरं. गाठी मोजायचं काम माझं. पिंजरे साफ करणाऱ्या सत्यशीलाबाईंनी विचारलं, इथं करमन का ताई तुम्हाला? करमेल की, म्हटलं.

१३ ऑक्टोबर
करमत नाही. पाचनंतर इथे कुणी नसतं. उंदरींशी बोलते. एक तांबडी कुत्री दाराशी येऊन बसते, तिला बिस्किटं घालते. आज तिच्या पोटावरून हात फिरवला तर स्तनांशी ओळीने गाठी लागल्या. कुत्र्यांना होतो हा आजार. पण मागच्या आठवड्यात तिथे काही नव्हतं.

१८ ऑक्टोबर
पाण्यावरच्या उंदरींच्या गाठी विरघळताहेत. औषधवाल्यांपेक्षा लवकर. सर म्हणाले, पाण्याने कर्करोग बरा होत असेल तर आपण दुकान बंद करू; तुझं मोजमाप तपास. तपासलं. बरोबर आहे.
कुत्री मेली. बांधाला मीच पुरली.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. सगळे आपापल्या गावी. सत्यशीलाबाई सकाळीच पिंजरे उरकून गेल्या. दार उघडलं तर पायरीवर कागदात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी आणि दहीभात. सणाला कुणीतरी माझी आठवण ठेवली! पायरीवर बसूनच सगळं संपवलं. डोळे भरून आले.

२३ ऑक्टोबर
सत्यशीलाबाई आल्या. मी भाकरीबद्दल आभार मानले. त्यांच्या हातातला झाडू गळून पडला. तुम्ही खाल्ली? कुत्री कुठं गेली? असं दोनदा विचारलं आणि रडायलाच लागल्या. त्या दुसऱ्या उंदरींना औषध तरी हाय, ह्या पाणीवाल्यांना कोण हाय, म्हणून त्या दर मंगळवारी ह्यांच्यावरून भाकरी ओवाळून कुत्रीसाठी पायरीवर ठेवत होत्या. खाईल त्याच्याकडे दुखणं जातं म्हणे. कुत्री मेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.
मी हसले. विज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे.

२७ ऑक्टोबर
डाव्या काखेत गाठ.

२८ ऑक्टोबर
मोजली. कालच्यापेक्षा मोठी. शेजारी दुसरी. जालन्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, अहवाल शुक्रवारी. तृप्तीला, धाकट्या बहिणीला, फोनवर एवढंच सांगितलं की एकटं वाटतं.
पाण्यावरच्या सगळ्या उंदरी साफ. बोट फिरवावं तर कुठेच काही लागत नाही.

३० ऑक्टोबर
आता हसू येत नाही. सत्यशीलाबाई म्हणाल्या, ताई, तुमचाबी उतारा काढते. पण भाकरी ठेवली की दार उघडायचं न्हाई, कुणाला हाक मारायची न्हाई, न्हाईतर पलटून येतं. कुत्रं येईल एखादं. संध्याकाळी माझ्यावरून ओवाळली. पायरीवर ठेवून, मागे न बघता गेल्या.

३१ ऑक्टोबर
कुत्रं आलं नाही. भाकरी तशीच.
तृप्तीचा मेसेज. राहवलं नाही, रात्रीच्या गाडीने निघाली. अंबडला उतरली, रिक्षात आहे. कालपासून उपाशी. काहीतरी खायला ठेव, म्हणते —

फोन लावते —

लावला नाही.

फाटक वाजलं. ताई, ताई म्हणून हाका मारतेय. मी कामावर असेन असं वाटलं तिला. पायरीवर बसली. फटीतून तिची पाठ दिसते —

कागदाचा आवाज. माझ्यासाठीच ठेवलंस ना गं, असं एकटीच म्हणतेय, हसतेय —

ओरडायला हवं. एक शब्द. तोंड उघडलं की —

आज शुक्रवार. अहवाल येईल. चांगला येईल. तृप्ती, तू पहिला घास —