वांग्याचं पथ्य

सोमवार, ३१ जुलै २००६. अकोट

आज घरात आलं: कॅप्सूल एकवीस, रुपये एकशे अठरा. गुळण्यांसाठी मिठाची पुडी, तीन. डॉक्टरची फी पन्नास. घशात पू आहे म्हणे. आवाज पार बसला. वर्षावास सुरू, विहारात रोजचं ग्रंथवाचन माझ्याकडे, अन् नेमकं हे.

डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी? मी म्हटलं, मला कशाचीच नाही, आमच्या ज्योत्स्नाला वांग्याची आहे. ते हसले. हसण्यासारखं काय होतं? पोरगी सहा वर्षांची असताना अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून वांगं बंद. लग्नातसुद्धा व्याह्यांना दोनच गोष्टी सांगितल्या: हुंडा मिळणार नाही, अन् पोरीला वांगं द्यायचं नाही.

कॅप्सूल दिवसातून तीन, सात दिवस. मध्ये सोडायच्या नाहीत, दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, असं दोनदा सांगितलं. मॅट्रिक पास आहे मी. एकदा सांगितलेलं कळतं.

गुरुवार, ३ ऑगस्ट. सकाळ

आवाज मोकळा. ताप नाही. नऊ घेतल्या, बारा उरल्या. आता घेत राहणं म्हणजे तृष्णा. गरजेपुरतं घ्यावं, हेच तर मी रोज वाचून दाखवते. निश्चय: आजपासून बंद.

हे म्हणाले, डॉक्टरनं सात दिवस सांगितले ना? मी म्हटलं, डॉक्टरनं गळा पाहिला, पण गळा माझा आहे. हे पेपर वाचू लागले.

संध्याकाळ

शेजारच्या बिस्मिल्लाबीच्या फोनवर परतवाड्याहून जावयांचा, स्वप्निलरावांचा फोन. ज्योत्स्नाचा घसा धरला, ताप आहे, उद्या दवाखान्यात नेतो. मी सांगितलं, दवाखाना कशाला? औषध घरात तयार आहे. विहारातल्या पार्वताबाई उद्याच परतवाड्याला बहिणीकडे चालल्या. दानाचा योग असा आपोआप जुळतो.

बिस्मिल्लाबी म्हणे, भाभी, दवाई म्हणजे का साडी हाय, आपली नेसून झाली की पोरीले द्याले? तिला दानातलं काय कळतं.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

पार्वताबाईंसोबत पिशवी रवाना. मुगवड्या, बारा कॅप्सूल, चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं, रोज तीन, चार दिवस. खाली रेघ मारून: वांगं खाऊ नको.

मन प्रसन्न. आज वाचताना आवाज जरा चिरकला. धूळ असेल.

शनिवार, ५ ऑगस्ट. दुपारी १

पार्वताबाई परत. पिशवी काल संध्याकाळीच पोचवली. वरून म्हणतात, काय भरीत करते वो बाई तुमची पोट्टी! मी दोन भाकरी हाणल्या. घसा दुखून राहिला तरी तिनंबी खाल्लं. दोन वर्षांपासून खाऊन राहिली, म्हणे आईले सांगू नका.

दोन वर्षं! माझ्या पोटची पोर. सासरी बिघडली. आजच कार्ड टाकून खडसावते.

दुपारी ३

कार्ड लिहायला बसले. "वांग्यानं तुझ्या अंगावर" इथपर्यंत लिहिलं अन् पेन थांबलं.

दोन वर्षं खाऊन काही झालं नाही. मग त्या वेळी गांधी कशानं उठल्या? वांग्याशिवाय पोटात काय होतं त्या दिवशी?

घशाचं गुलाबी औषध. बाटलीतलं.

३.२०

औषधाच्या दुकानात गेले. कॅप्सूलचं नाव सांगितलं, पोरीच्या गुलाबी औषधाचं अन् गांधींचंही. दुकानदार म्हणाला, ही पेनिसिलीनच्याच घरातली. ज्याला त्या औषधानं एकदा गांधी उठल्या, त्याला पुन्हा देऊ नका काकू, श्वास अडकतो.

३.४०

जावयांच्या घरी फोन. पाच वेळा लावला. वाजतो, कोणी उचलत नाही. बिस्मिल्लाबीनं पाणी दिलं. साडीचं पुन्हा बोलली नाही.

एस.टी.त

सव्वाचारची गाडी. हे सोबत. अंजनगावला वीस मिनिटं उभी, कंडक्टर चहा पिऊन राहिला. यांनी विचारलं, घेतली असेल का वो तिनं? मी म्हटलं, ती माझं कुठे ऐकते? वांग्याचं ऐकलं का?

त्रिसरण म्हणत बसले. जन्मात पहिल्यांदा मनात आलं, पोरीनं माझं ऐकलेलं नसो.

रविवार, ६ ऑगस्ट. परतवाडा, दवाखाना

ऐकलं होतं.

काल सकाळी एकच कॅप्सूल घेतली. अर्ध्या तासात खाज, अंगभर गांधी, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. जावयांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून शेजारणीनं धरून आणली. लगेच इंजेक्शन दिलं. रात्रभर नजरेखाली ठेवली. आता श्वास मोकळा आहे. डोळे फटीएवढेच उघडतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कोणी दिली? मी म्हटलं, मी. आधी असा त्रास झाला होता? मी म्हटलं, हो, पण तो वांग्याचा.

ज्योत्स्नाला बोलवत नव्हतं. नवऱ्याच्या खिशातलं पेन खुणेनं मागितलं अन् पेपरच्या कडेला लिहिलं: आई, वांगं नव्हतं.

बुधवार, ९ ऑगस्ट. पौर्णिमा. अकोट

घसा पुन्हा बंद. पू. तेच डॉक्टर. किती घेतल्या, विचारलं. मी नऊ बोटं दाखवली. या वेळी हसले नाहीत. नवं औषध, पूर्ण दहा दिवस.

विहारात पार्वताबाईंनी वाचलं. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत. सगळे शेवटपर्यंत बसले. माझ्या वेळी अर्धे उठून जातात, हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

दवाखान्यानं ज्योत्स्नाला कार्ड दिलं. त्यावर जुना त्रास लिहायचा आहे, म्हणून १९८८ची वही काढली. अक्षर माझंच: "ज्योत्स्ना. घशाचं औषध. दुसऱ्या दिवशी चमचा दिल्यावर गांधी. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलीनच्या जातीचं औषध हिला जन्मात देऊ नका. घरी वांग्याची भाजी होती, तीही बंद."

औषधाचं विसरले. भाजीचं अठरा वर्षं पाळलं.

आवाज नाही, फोन करता येत नाही. कार्ड टाकलं, त्याची नक्कल:

चि. ज्योत्स्नास, जयभीम. वहीतलं जसंच्या तसं उतरवून पाठवते. दवाखान्याच्या कार्डावर लाल शाईनं लिहून घे. कोणताही डॉक्टर असो, आधी ते दाखव. उरलेल्या अकरा कोणाला देऊ नको, जावयांना दवाखान्यात परत द्यायला सांग. माझ्या आजच्या तिन्ही घेऊन झाल्या, उद्याच्याही घेईन. भरीत खात जा. डोळ्यांची सूज उतरली का, तेवढं उलट टपाली कळव.