कापणीच्या नाचाचा तिसरा भाग

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात मी तुमची चूक चारचौघांत सांगितली. चारचौघांत म्हणजे इंटरनेटवर. तिथे चारचौघं म्हणजे नक्की किती आणि कुठकुठले, याचा पत्ता लागत नाही. आमच्या व्हिडिओखाली मी लिहिलं, ‘या नाचाचा तिसरा भाग आमच्या शिक्षिकेने आम्हाला चुकीचा शिकवला होता. त्याबद्दल क्षमस्व. यापुढे आम्ही मूळ पद्धतीने नाचू.’ इंग्रजीत लिहिलं, दोनदा तपासून. एकही चूक राहू दिली नाही.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून आधीपासून सांगते. आम्ही नऊजणी दर रविवारी सकाळी परळला मंडळाच्या हॉलमध्ये जमतो. सहाजणी तुमच्याच हाताखालच्या. आता कोणी नर्स आहे, कोणी बँकेत, एकीची मुलगीच नाचायला येते. माहीमची ती उंच मुलगी आठवते ना, आईबरोबर रविवारची प्रार्थना उरकून धावत यायची आणि तिची-माझी उंची जुळते म्हणून तुम्ही तिला कायम माझ्या डाव्या हाताला ठेवायचात? ती अजून माझ्या डाव्या हाताला आहे आणि अजून उशिरा येते. मी परळलाच एका ऑफिसात काम करते. खिडकीतून खाली गिरणीचं उरलेलं एक धुराडं दिसतं. बाबांना मी एकदा ते दाखवायला वर नेलं, तर त्यांनी धुराडं सोडून माझी खुर्चीच फिरवून फिरवून पाहिली.

खुर्च्यांच्या थप्पीवर फोन टेकवून आम्ही नाच चित्रित करतो आणि नेटवर टाकतो. जगभर असे गट आहेत, बाई. तुमचे ते इस्रायली नाच, जे आमच्या समजुतीप्रमाणे मुंबईत फक्त तुम्हाला येत होते, ते लोक कुठे समुद्रकाठी करतात, कुठे शाळेच्या व्यायामशाळेत, कुठे वाहनतळात. दर आठवड्याला नवा व्हिडिओ येतो. शिकणाऱ्यांसाठी काहीजण मुद्दाम पाठीमागून, नुसते पाय दिसतील असं चित्रित करून टाकतात. मग खाली प्रश्न सुरू होतात, उजवा पाय आधी की डावा, टाळी वळायच्या आधी की नंतर, आणि कुठल्या तरी देशातले आजोबा रागावून लिहितात की आमच्या वेळी असं नव्हतं. हल्ली त्या देशाचं नाव काढलं की लोक आधी बाजू विचारतात. मला दोन्हीकडच्या आयाबायांचं वाईट वाटतं आणि मी तसंच लिहिते, मग दोन्हीकडचे मला वेड्यात काढतात. पण पायांचे प्रश्न विचारणारे तेवढ्यातही पायांचेच प्रश्न विचारत राहतात. त्यांचा मला आधार वाटतो.

माझा तुमच्याकडचा पहिला दिवस मला नीट आठवतो. मी सहावीत आहे. तुम्ही शाळेत शिवण शिकवता आणि रविवारी हॉलमध्ये नाच. वर्तुळात एक मुलगी कमी पडली म्हणून तुम्ही मला हाताला धरून आत उभं केलंत. दाराशी माझ्या चाळीतल्या दोघी उभ्या होत्या. मी नाचत होते पण मान सारखी दाराकडे, त्या बघतात ना हे बघायला. तुम्ही टेप बंद केलात. ओरडला नाहीत. म्हणालात, “दारात कोण आहे तुझं? जिचा हात धरलायस ती इकडे आहे.” मग टेप मागे नेऊन परत लावलात. हॉलमध्ये सगळ्या हसल्या आणि मी पुढचा अर्धा तास फक्त त्या माहीमवालीच्या कानाकडे बघत नाचले.

आमचे पांढरे घागरे तुम्हीच शिवलेत. खालची दुमड चांगली चार बोटं ठेवलेली. आई म्हणाली, कापड फुकट घालवलं. पण दर वर्षी तुम्ही ती दुमड एक बोट सोडायचात आणि आम्ही वाढलो तरी घागरा पायांच्या घोट्यांपर्यंत बरोबर यायचा. गॅदरिंगला आम्ही कापणीचा नाच केला तेव्हा आई पहिल्यांदा बघायला आली. पहिला भाग वर्तुळातून फिरण्याचा, दुसरा आत जाऊन हात वर करण्याचा, आणि तिसऱ्या भागात आम्ही हात सोडून टाळी वाजवायचो, खाली बसायचो आणि बसल्या बसल्या एक पाय पुढे, एक मागे असं उडत वर्तुळ पुरं करायचो. घरी येताना आई पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, “ह्यांच्यातपण बसफुगडी असता काय गो?” मला तिचा इतका राग आला. मी आठवीत होते, मला सगळं कळत होतं. मी तिला सांगितलं की हा परदेशी नाच आहे, गौरीपुढची फुगडी नाही, आणि कोणासमोर असं बोलू नकोस.

तुमच्या माझगावच्या खोलीत मी शुक्रवारी दुपारी यायचे. शनिवारी तुमचा शब्बाथ, विस्तव पेटवायचा नाही, त्यामुळे संध्याकाळी दिवे लागायच्या आत दुसऱ्या दिवसाचाही स्वयंपाक उरकायचा असायचा, म्हणून मला नारळ खवायला बसवायचात. तुम्ही पातळ फडक्यातून दूध पिळायचात, पापलेटाचं कालवण गॅसवर रटरटत असायचं आणि रेडिओवर मराठी गाणी. बारावीनंतर बाबांनी मला दादरच्या एका साडीच्या दुकानात लावायचं ठरवलं होतं. तुम्ही बाबांशी भांडला नाहीत, मला उपदेशही केला नाहीत. एका शुक्रवारी कॉलेजचा फॉर्म ओट्यावर ठेवलेला होता. म्हणालात, माझे हात ओले आहेत, तूच लिही. आयुष्यातला पहिला फॉर्म मी तिथे उभ्याउभ्या भरला. वडिलांचं शिक्षण, या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तुम्ही न बघताच विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, हे रिकामं सोडलं तर चालेल का? तेव्हा तुम्ही फडकं बाजूला ठेवलंत. “चौथी लिही. त्याने चौथीवर घर चालवलंय. त्यात लपवायचं काय?” मी चौथी लिहिलं. बाबांनी तो रकाना वाचला, मग सही केली, आणि दुकानाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. मग बरीच वर्षं आम्ही कोणीच नाचलो नाही. पुन्हा सुरू केलं तेव्हा सगळ्यांना पहिला आणि तिसरा भाग पाठ, दुसऱ्या भागात मात्र गोंधळ. तो शोधायला मी नेटवर गेले आणि कापणीच्या नाचाचे चाळीसएक व्हिडिओ पाहिले. दुसरा भाग सापडला. पण तिसरा भाग एकातही आपल्यासारखा नव्हता. कोणी खाली बसत नव्हतं. सगळीकडे लोक एकमेकांचे खांदे धरून बाजूला धावत होते. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आमचा व्हिडिओ, दुसऱ्या भागात अंदाजाने पाय टाकलेला, तोवर टाकून झाला होता, आणि वर मी ‘अस्सल’ असा शब्द वापरला होता. त्याखाली एका माणसाने सभ्यपणे लिहिलं होतं, छान नाचता, पण शेवटचा भाग आमचा नाही, हा कुठून आणला?

मला वाटलं, तुम्ही आम्हाला फसवलंत. मी आठवायला लागले की तुम्ही कितीदा म्हणाला असाल, तिकडे असंच करतात. म्हणालाच असाल अशी माझी खात्री होती. त्याच दिवशी मी ते माफीचं वाक्य लिहिलं, जुना व्हिडिओ तसाच ठेवला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना खांदे धरून धावायला शिकवलं. कोणाला आवडलं नाही. नर्स तेवढी म्हणाली, चला, गुडघे वाचले. माहीमवाली दोनदा धावली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. “मजा तर त्या बसण्यातच होती यार. आणि बाईंची चूक जगाला सांगायला तुला कोणी विचारलं होतं का?” मी म्हटलं, खरं ते सांगायला हवं. ती म्हणाली, “हो ना, ग्रॅज्युएट बाई,” आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. तीसुद्धा ग्रॅज्युएट आहे. पण तिच्या घरातली ती चौथी किंवा पाचवी ग्रॅज्युएट असेल. तिला त्याचं काही वाटत नाही.

दहा दिवसांपूर्वी मला इस्रायलमधून एक निरोप आला, बोलून पाठवलेला. मी समजले इंग्रजीत किंवा त्यांच्या भाषेत असेल. फोन कानाला लावला तर अलिबागकडची मराठी, तुमच्यासारखीच, फक्त जास्त जुनी. “मी तुझ्या बाईची मैत्रीण गो. आम्ही दोघी एकाच जिन्यावर वाढलो.” वय सत्तरच्या पुढे असावं. मध्येच दम लागायचा. इथलं सगळं बातम्यांत बघत असशीलच, म्हणाल्या, ते नको बोलूया, नाचाचं बोलूया. त्यांच्या गावात इथून गेलेल्या चार-पाच म्हाताऱ्या मिळून नाचतात आणि नात त्यांचे व्हिडिओ टाकते. तिने आमचा व्हिडिओ त्यांना दाखवला आणि खालचं माझं वाक्यही वाचून दाखवलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही दोघी एकोणीस-वीसच्या असताना तिकडची एक मुलगी नाच शिकवायला मुंबईत आली होती. माझगावला गच्चीवर शिकवायची. कापणीच्या नाचाचे दोन भाग झाले आणि तिला कावीळ झाली. ती परत गेली. कार्यक्रम चार दिवसांवर, टेपवर गाणं मात्र पूर्ण, तिसऱ्या भागाचं संगीत वाजतंय आणि करायचं काय कोणालाच माहीत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, खालच्या मजल्यावरच्या बायका गौरीपुढे बसफुगडी घालतात, ती या तालावर बसते. लहानपणापासून तुम्ही दोघी त्यांच्यात जाऊन ती घालतच होतात. कार्यक्रमात त्याच भागाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. वर्षाभराने मैत्रीण कायमची तिकडे गेली. पहिल्याच नाचाच्या संध्याकाळी तिसरा भाग आला, सगळं वर्तुळ बाजूला धावलं आणि ही एकटी मधोमध खाली बसलेली. लोक हसले. तिने न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं आणि तुम्हाला रागाचं पत्र लिहिलं की आपलं चुकीचं आहे, पोरींना ते शिकवू नकोस. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं. “तिने लिवलंन, तू तिकडचं कर, मी इकडचं करते.”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाई. आम्ही जन्मायच्याही आधीपासून माहीत होतं. मग मी पुन्हा आठवायला बसले, या वेळी प्रामाणिकपणे. तिकडे असंच करतात, हे वाक्य तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. ते मी आईला सांगितलं होतं.

निरोपाच्या शेवटी त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. ते पाय त्या विसरल्या आहेत, तर नुसते पाय दिसतील असा एक व्हिडिओ पाठव. आमच्यातल्या कोणाला आता खाली बसता येत नाही, पण खुर्च्यांवर बसून करू. दुसरं म्हणाल्या, ती चूक नव्हती, एवढं तिथे लिही.

पहिली गोष्ट मी गेल्या रविवारीच केली. माहीमवाली चक्क वेळेवर आली. आईला मी मुद्दाम हॉलवर नेलं होतं. आमचं बसणं बघून ती म्हणाली, पाय नीट लांब टाका गो, भाकऱ्या थापताय काय? मग साडी खोचून तिनेच चार उड्या मारून दाखवल्या आणि धापा टाकत भिंतीशी बसली. पाठवलेल्या व्हिडिओत पाचवे पाय तिचे आहेत. तुमच्या मैत्रिणीकडून उत्तर आलं त्यात शब्द नव्हते, पाच खुर्च्या होत्या आणि दहा जाडजूड पाय, चुकतमाकत पुढेमागे होणारे.

दुसऱ्या गोष्टीला आठ दिवस लागले. आधी मी इंग्रजीत लांबलचक लिहिलं, त्यात परंपरा होती, देवाणघेवाण होती, सगळं होतं, फक्त माझी माफी नव्हती. ते खोडलं. काल मराठीत लिहिलं: ‘आमच्या बाईंची चूक नव्हती. हा भाग त्यांनी जाणूनबुजून इथला घातला. चूक सांगण्यात माझी चूक झाली.’ खाली इंग्रजी केलं आणि टाकलं. आतापर्यंत थोड्यांनीच वाचलंय. पहिलं वाक्य पुष्कळांनी वाचलं होतं, आणि किती प्रामाणिक आहेस असं काहीजणांनी कळवलंही होतं.

तिथे लिहिलं नाही ते इथे लिहिते. ते पहिलं वाक्य लिहिताना मला वाईट वाटत नव्हतं, बाई. मला बरं वाटत होतं. तुम्हाला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं, आणि खरेपणासाठी लिहितेय असं सगळ्यांना सांगत मी त्या बरं वाटण्यासाठीच लिहिलं. तुमच्या मैत्रिणीला हे सांगण्याची हिंमत मला झाली नाही. त्यांनी निरोपातच विचारलं होतं, असं का लिहिलंस गो. मी उलट निरोपात म्हटलं, माहीत नव्हतं म्हणून.