उलट्या बुटांची परी

प्रिय दिग्दर्शक महाशय,

नावाने हाक मारायची सवय सुटली, म्हणून हे. तुझी नवी कार्टून मालिका पाहिली, आतापर्यंतचे सगळे भाग एका बैठकीत. आपल्या त्या काळ्याकुट्ट युद्धकथेतली धाकटी मुलगी आता जादूची परी झाली म्हणे. गुलाबी झगा, हातात चांदणीची काठी, खांद्यावर बोलणारं मांजर, आणि संकट काय, तर शाळेतले डबे पळवणारा राक्षस. कोपऱ्यावरच्या दुकानात ती टूथब्रशवरही लटकते आहे. कल्याण झालं.

मूळ मालिका आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. तू गोष्ट लिहायचास, मी चित्रं काढायचे. आपल्या भिंगरीला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरात तिचं नाव काढायची चोरी होती. म्हणून मी लेकीला कागदावर आणलं. पुढचे दोन दात पडलेले, उजवा बूट डाव्या पायात. चित्रं तपासणारा दर वेळी चूक समजून बूट सरळ करायचा, मी पुन्हा उलटे करायचे. आणि सातव्या भागात तू तिला पुलावरून पाडलंस. कथेची गरज, म्हणालास. ते पडणंही मीच काढलं, एकेक चित्र करून. लोक रडले, बक्षिसं मिळाली, आपलं घर मात्र मोडलं ते मोडलंच. आधी तिच्या मरणाचं भांडवल केलंस, आता तिच्या हसण्याचं.

खोट काढायलाच बसले होते मी. पण रूप बदलताना ती गिरकी घेते, तेव्हा बूट उलटेच आहेत. प्रत्येक भागात. एवढ्या मोठ्या स्टुडिओत ते तसेच ठेवायला तू किती जणांशी भांडला असशील, कल्पना आहे मला. तुला बरं म्हणावं लागतंय, याचाच जास्त राग येतो.

आता कामाचं. तुझ्या रंगविभागातली माझी जुनी मैत्रीण परवा भेटली. म्हणाली, शेवटच्या भागात ही गोष्ट मूळ कथेला जोडणार आहात. परी काठी खाली ठेवते आणि पुलाकडे चालू लागते. नको जोडूस. लोकांना काय सांगायचं ते तू बघ, त्यात तू पटाईत आहेस. राहू दे तिला त्या भिकार झग्यात. डबेचोरांमागे धावू दे, टूथब्रश विकू दे. आणि जमलं तर पुढे कधीतरी तिचे ते दोन दात येऊ दे. ते कसे दिसले असते, मला अजून काढता आलेलं नाही.

तुझीच, असं लिहवत नाही.
भिंगरीची आई