बाबांची साक्ष

परळ, रविवार, जानेवारी १९५७

आज चर्चमध्ये उपासनेत बाबा उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली. दारू सुटली, येशूनं सगळी पापं धुऊन टाकली, माझा नवा जन्म झाला! लोक रडले. बाहेर रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या, त्यांच्याही वर आमचं हालेलूया गेलं. आई माझ्या शेजारी बसली होती, करंगळी दुसऱ्या हाताखाली झाकून. ती बाबांनीच मोडली, लाटण्यानं. साक्षीत तिचं नाव नव्हतं.

मला चीड नक्की कशाची येतेय? तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, आपल्या कर्मांनी नाही, हे मीच दर रविवारी चर्चमधल्या मुलांना शिकवते. मानतेही. मग बाबांना ते फुकट मिळालं, तर माझं काय गेलं? पण आईचं गेलं ना! करंगळी अजून वाकडीच आहे.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आईला म्हणाले, "बाई, देवानं क्षमा केली. आता तुम्हीही करा."

"मार मी खाल्ला, साहेब," आई म्हणाली. "हे देवाकडे जाऊन आले. माझ्याकडे अजून आलेच नाहीत."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

घरी आल्यावर बाबा स्टोव्हपाशी घुटमळले. "अगं, मला माफ करशील?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"आज नाही," आई म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

ते जेवले. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला मी गुडघे टेकले, आणि प्रार्थना न करता तशीच उठले.