अंजनीबाईंच्या हातचं

कांचघर, जबलपूर
२८ एप्रिल २०२५

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? अश्विनदादाकडे तीन मजले चढावे लागतात, म्हणून विचारते. इथे घर ठीक आहे. टाकी धुतली, कूलर काढला. तुमच्या कारखान्यातले शशिकांत काका रोज फाटकातून विचारतात, "नारायणराव नागपुरातच राहून राहिले काय आता?" मी म्हणते, येतील.

माझा प्रवास संपला. आठ महिने. नाशिकची द्राक्षाची वाइन, बस्तरची ताडीसारखी सल्फी, शेवटी मंडल्याचा महुआ, म्हणजे मोहफुलांची दारू. मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "दारूवर काहून पुस्तक लिहिते? दुनियेतले विषय संपले काय?" तेव्हापासून माझा फोन आला की तुम्ही तो आईच्या हातात देता. म्हणून पत्र.

विषय चांगला होता, बाबा. फुलं तीच, पण दोन गावांत चव वेगळी. कोणी फुलं तीन दिवस वाळवतं, कोणी आठ. कोणी नदीचं पाणी घेतं, कोणी विहिरीचंच. भिजवलेल्या फुलांच्या हंडीला कान लावून बायका सांगतात, अजून एक दिवस. मी इतकं कधी शिकले नव्हते. इतकी आनंदातही नव्हते.

आणि मी पीत नव्हते. मदतीला सोबत घेतलेला सौमित्र चाखायचा, मी लिहायची. "गोड आहे?" "हो." "नंतर?" "नंतर धूर." तो म्हणायचा, "दीदी, किताब आपकी, लीवर मेरा."

मार्च संपताना त्याला ताप आला आणि तो घरी परतला. मंडल्याजवळच्या शेवटच्या गावात मी एकटी गेले. अंजनीबाई मरावींकडे राहिले. दोन दिवस त्यांनी सगळं दाखवलं. तिसऱ्या दिवशी चुलीवरून ताजी दारू उतरली. त्यांनी पूर्वजांसाठी थोडी जमिनीवर सांडली आणि पानाचा द्रोण माझ्यापुढे धरला.

मी म्हणाले, "तबीयत ठीक नहीं है."

त्यांचा नवरा शालिग्राम हसला. "अरे, इसी से तो ठीक होती है!"

अंजनीबाई हसल्या नाहीत. "हमारे हाथ का नहीं लोगी, दीदी? पहले बता देतीं. हम बुरा नहीं मानते."

तुमच्या आईने एकदा दारात आलेल्या गुरुजींना पाणी दिलं होतं. गुरुजी म्हणाले, तहान नाही. मे महिना होता आणि ते चार मैल चालून आले होते. ही गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलीत. ती ऐकताना मी नेहमी आजीच्या बाजूला उभी असायची. त्या दिवशी मी गुरुजींच्या जागी होते.

समजावता आलं असतं. पंचशील, विहार, आपली माणसं. पण मी शब्द जुळवेपर्यंत त्यांनी द्रोण आत नेला असता. मी तो घेतला आणि प्यायले. घसा जळला, मग फुलांचा वास वर आला.

"मुँह तो देखो इसका!" अंजनीबाई म्हणाल्या. मग मीही हसले. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं.

परवा आईने फोनवर विचारलं, "तू तर नाही ना घेतली?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. पश्चात्ताप त्याचा आहे. पिण्याचा करून पाहिला, पण झाला नाही.

बुद्धपौर्णिमेला नागपूरला यायचा विचार आहे. विहारात वंदना तुम्हीच घ्याल. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, मला तुमच्या मागोमाग म्हणायचं आहे, मनापासून. पण आधीच सांगते. अंजनीबाईंनी पुढच्या वर्षी बोलावलंय. त्यांनी द्रोण पुढे केला, तर मी तो परत करणार नाही. शील घेताना हे तुमच्यापासून लपवलं, तर ते दुसरं खोटं होईल.

हे वाचूनही ये म्हणाल, तर येते. नको म्हणालात तरी चालेल. पण ते आईकडून नको. तुम्ही बोला.

मजेत असलेली, आणि तुमच्या आवाजाची वाट पाहणारी,
विनता