टपरीवरचा फळा

सोलापूर, १९ जून

प्रिय गैबीसाब,

या दोन हातांनी काय काय केलं ते तुला तोंडपाठ आहे, तरी एकदा लिहून काढतो. आपल्या बोळाच्या तोंडाचा फळा, चार फूट बाय अडीच, वर पत्र्याची झाप. त्या फळ्याखालची तुझी टपरी, साडेसहा बाय पाच, एकशे बारा रिबिटा, त्यातली एकही सैल नाही. अंबुबाईची घडीची तिवई. आणि पाण्याची घंटी. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, कुणाच्या हाताखाली राबलो नाही. सातवीनंतर जे शिकलो ते उघडून, मोडून आणि परत जोडून.

पुढं वाचण्याआधी पाकीट नीट बघ. चिकटवलंय तिथं मी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आहे. ती जुळत नसेल तर वाटेत कुणीतरी उघडलं असं समज. तू जिच्याकडं राहायला गेलास त्या तुझ्या लेकीचा, शाइस्ताचा, अकलूजचा पत्ता मला किराणावाल्या रामहरीकडून घ्यावा लागला, आणि त्याच्या पोटात काय राहतं ते तुला माहीत आहे. पत्ता देताना तो हसला. का हसला, ते मी अजून शोधतोय.

तुझ्या टपरीला कुलूप लागून बेचाळीस दिवस झाले. लोक कुकर दुरुस्तीला घेऊन येतात, कुलूप बघतात, मग माझ्या दाराकडं बघतात. बाकी बोळ आहे तसाच. रामहरीचा नातू आता मान धरायला लागला. अंबुबाईची वैष्णवी पोलीस भरतीत निघाली, फळ्यावर मी तिचं नाव दोन ओळींत मोठं लिहिलं. अंबुबाईनं घरटी एक पेढा वाटला, मला मात्र दोन दिले. मी तीन दिवस विचार करत होतो की दोन का. फुकटचा गोडवा म्हणजे पुढं काहीतरी काम असणार. ते पेढ्याचं नंतर सांगतो.

घंटीचं आधी. माझ्या दारापुढच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये मी पितळेची पाती बसवली ती नऊ वर्षांपूर्वी. पाणी आलं की पाती लवते, पाती लवली की तार जुळते, तार जुळली की घंटी. पहिल्यांदा वाजली तेव्हा तू हातातला कुकर टाकून नाचलास आणि म्हणालास, “क्या रे संगम्या, पानी की बी हाजरी लगाता क्या तू!” पाचव्या दिवशी पाणी, तेही पन्नास मिनिटं, वेळेचा पत्ता नाही. पण घंटी झाल्यापासून बायकांनी नळाला कान लावून बसणं सोडलं. दुपारी निवांत डोळा लागायला लागला बोळाला. हे माझ्यामुळं, असं मी कधी बोललो नाही. फळ्यावर एकदाच लिहिलं होतं.

म्हणून ९ एप्रिलला घंटी वाजली नाही तेव्हा मला स्वतःच्या कानांचा संशय आला. १४ला वाजली. १९ला नाही. २४ला वाजली. २९ला नाही, आणि त्याच दिवशी रामहरीच्या नातवाचं बारसं, ऐंशी पानं आणि पिंपात थेंब नाही. चनबसप्पाचा टँकर मागवावा लागला. सगळ्या पाहुण्यांदेखत अंबुबाई मला म्हणाली, “काय रं संगमेश, तुजी घंटी बी आता मानसागत कामचुकार झाली की!” तो हशा मला अजून ऐकू येतो. तुझाही आवाज होता त्यात.

घंटी एक आड एक पाळीला चुकते, याचा अर्थ मी असा लावला की करणारा हुशार आहे, सलग करत नाही. मग पुरावे गोळा केले. समोर पडलेल्या एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर नंबर घालून लिहिले. एक, तारेवर दाताच्या खुणा आहेत, आणि या बोळात पकड हाताशी असताना दातानं तार सोलणारा माणूस एकच. दोन, तिन्ही दिवशी सगळ्यांची पिंपं कोरडी, फक्त बोळाच्या टोकाला तुझ्या घरच्या हुसेनबीचं पिंप काठोकाठ. तीन, टँकरवाला चनबसप्पा त्या महिन्यात तीनदा तुझ्या टपरीवर चहाला बसला होता. वेळा पण लिहिल्या. तुला विचारलं नाही. विचारलं तर माणूस सावध होतो, असं मला वाटलं.

तीस एप्रिलला फळ्यावर काय लिहिलं ते तुला सांगायला नको. ‘घंटीच्या तारेला हात लावणारा कोण ते कळलं आहे. त्यानं स्वतःहून पुढं यावं.’ नाव लिहिलं नाही, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण फळा टांगलाय तुझ्या डोक्यावर. वाचणाऱ्याची नजर अक्षरांवरून खाली उतरली की तुझ्या कपाळावरच यायची. उंची मीच मापून ठरवली होती. आठ दिवस मी ती ओळ पुसली नाही. पाचव्या दिवशी तर झिजलेली अक्षरं परत गिरवली. तू रोज येऊन त्याच्याखाली बसलास, स्टोव्हच्या पिना मारल्यास, वर एकदाही बघितलं नाहीस. न बघणं हाच मला कबुलीजबाब वाटला. ८ मेला तू माझ्या कट्ट्यावर किल्ली ठेवलीस आणि नुसतं म्हणालास, “तेरा फला, तेरी जगा.” मी आत जाऊन किल्ली खिळ्याला अडकवली.

खरं तर दुसऱ्याच दिवशी मला कळायला हवं होतं. ९ मेला घंटी वाजली नाही आणि तू तर अकलूजला. पण डोकं एकदा एका बाजूला लवलं की लवलं. जाता जाता काहीतरी करून गेला, असं म्हणत मी सगळी तार बदलली. १९ला नाही. २९ला नाही. मग चेंबरच्या झाकणाला कुलूप करायचं ठरवलं. परवाच्या शनिवारी कुलपाचं माप काढायला कागद हवा होता, म्हणून तोच पुराव्यांचा कागद घेतला आणि पहिल्यांदाच उलटा केला.

छापील सूचना होती ती. पाच एप्रिलला कुणीतरी माझ्या फळ्यावर चिकटवलेली. माझ्या फळ्यावर दुसऱ्याचा कागद मी राहू देत नाही, त्यामुळं न वाचताच काढून घरात टाकली होती. लिहिलं होतं की नवी जोडणी झाली आहे, यापुढं एक आड एक पाळीला आपल्या बोळात पाणी मागच्या टोकाकडून येईल.

काल पाळी होती. चेंबर उघडून, पाट टाकून बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी आलं, उलट बाजूनं. पाती अडणीला जाऊन टेकली आणि तशीच राहिली. ती एकाच बाजूला लवते. तशी मीच केली, कारण पाणी दुसरीकडूनही येऊ शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मागच्या टोकाला पहिलं घर तुझं, पाणी तिथं सगळ्यात आधी आणि जोरात, घंटीवाचूनही नळ ऐकू येणार. हुसेनबीचं पिंप भरणार नाही तर काय होणार? संध्याकाळी माझी जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, मी टायफॉईडनं पडलो होतो तेव्हाची नोंद, माझ्याच अक्षरात: ‘घंटीची तार उंदरानं कुरतडली. गैबीसाबनं जोडून दिली. चहाही घेतला नाही.’

आज सकाळी फळा धुतला आणि लिहिलं, ‘घंटीत दोष होता. दोष बनवणाऱ्याचा. संगमेश.’ लोकांनी वाचलं आणि गेले. तेव्हा तुझं नाव लिहिलं नव्हतं, त्यामुळं आता पुसायलाही नाव नाही. मी माफी कुणाची मागतोय हे खाली माणूस बसलेला असल्याशिवाय कळणार कसं? अंबुबाई तेवढी थांबली. तिला पेढ्याचं विचारलं. म्हणाली, “दुसरा तुजा न्हवताच. टपरीवाल्याचा व्हता. तू पोचता करशील म्हनून दिला.” तो मी खाल्ला, गैबीसाब. खोटं कशाला सांगू.

पाती आता दोन्ही बाजूंना लवेल अशी करायला घेतली आहे. एक बारीक तार सोलायची आहे, माझ्या पकडीत ती धरत नाही. काल चनबसप्पा आला होता. तुझ्या टपरीच्या जागी त्याला जारच्या पाण्याचं मशीन बसवायचंय. बोलता बोलता म्हणाला, “तुमच्या गैबीसाबला बी तीनदा इचारलं की. तो म्हनला, जागा संगमेशची हाय, त्याला न इचारता मी कोन देनार.” म्हणजे त्या तीन चहांचा हिशेब हा. मी उठलो, खिळ्यावरची किल्ली काढली, एकशे बारा रिबिटांवरची धूळ पुसली आणि कुलपात तेल सोडलं. चनबसप्पाला वाटलं, त्याच्यासाठीच उघडतोय. त्यानं त्या साडेसहा बाय पाच जागेचे दोन लाख पंचेचाळीस हजार रुपये रोख देऊ केले, आणि मी नाही म्हणालो.

तुझाच, अजून फळ्याखालीच उभा असलेला,
संगमेश