नुसती मान डोलावू नका

ती. आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. कारखान्यात जेवणानंतर आम्हाला इंग्रजी शिकवतात. बाई म्हणतात, साहेबाचं बोलणं कळलं नाही तर मान डोलावू नका, ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणा. तेच जड जातं. मोठ्यांना पुन्हा बोलायला लावणं म्हणजे उद्धटपणा, हे तुझंच शिकवणं.

परवा साहेब मशीन आधी बंद कर म्हणत होता. मी न कळताच मान डोलावली आणि चालू मशीनमध्ये हात घातला. बोटं शाबूत आहेत, फक्त अक्षर वाकडं येतंय.

तुझ्या गुडघ्याचं विचारलं की तू ‘बरंय’ म्हणतेस आणि फोन वहिनीकडे देतेस. आई, मला समजलं नाही. पुन्हा सांग.

तुझा धाकटा